लंबदुभाजक काढता येतो, पण तो कुठे वापरायचा ते सुचत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी आठवीत आहे. रेषाखंडाचा लंबदुभाजक ती कंपासने नीट काढते, रचनेच्या पायऱ्याही न चुकता लिहिते. पण ‘या दोन बिंदूंपासून समान अंतरावर असणारा बिंदू शोधा’ असं उदाहरण आलं की तिला लंबदुभाजक आठवतच नाही. शिवाय तिने तुम्हाला दोन प्रश्न विचारलेत. कंपास निम्म्यापेक्षा जास्तच का उघडायचा? आणि पट्टीने मध्य मोजून गुण्याने लंब उभा केला तर काय बिघडतं?

मी बरीच वर्षं भूमिती शिकवतो आणि ही अडचण दरवर्षी वर्गात समोर येते. मुलीचे दोन्ही प्रश्न उत्तम आहेत, आणि त्यांची उत्तरं तिला मिळाली की पहिली अडचण बरीचशी आपोआप सुटेल, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे. तिला लंबदुभाजक एक आकृती म्हणून माहीत आहे. व्याख्येत दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात: ती रेषा रेषाखंडाच्या मध्यातून जाते आणि त्याला लंब असते. समान अंतराचा तिथे उल्लेखही नसतो. तो नंतर प्रमेय म्हणून येतो, एकदा सिद्ध होतो आणि वही मिटली की विसरला जातो. मी शिकवताना हा क्रम उलटा करतो. आधी समान अंतर, मग रेषा, मग मध्य आणि लंब.

तिला एक पातळ कागद द्या. त्यावर दोन ठळक ठिपके काढायला सांगा, त्यांना अ आणि ब म्हणू. रेषाखंड मुद्दाम काढायचा नाही. आता विचारा, ‘अ पासून जितकं लांब, तितकंच ब पासून लांब असं एक ठिकाण दाखव.’ बहुतेक मुलं बरोब्बर मधोमध बोट ठेवतात. मग विचारा, ‘अजून एक?’ इथे मुलं थांबतात. काही जण त्या मधल्या ठिपक्याच्या आसपास घुटमळतात. थोडा वेळ जाऊ द्या, उत्तर सांगू नका. मग कुणीतरी बोट सरळ वर नेतं, पट्टीने दोन्ही अंतरं मोजतं आणि एकदम म्हणतं, ‘वर कितीही गेलं तरी चालेल!’ आणि खालीही. असे पाच-सहा ठिपके झाले की ते एका रेषेत बसलेत हे डोळ्यांनाच दिसतं. आता कागद उजेडाकडे धरून अ वर ब बरोबर येईल अशी घडी घालायला सांगा. घडीची रेघ त्या सगळ्या ठिपक्यांवरून जाते. घडी घातल्यावर अ आणि ब एकमेकांवर बसले, म्हणजे घडीवरच्या कुठल्याही बिंदूपासूनची दोन्ही अंतरंही एकमेकांवर बसली. पुढचं सगळं या एका घडीतून निघतं.

यात दोन वेगळी विधानं आहेत, आणि ती वेगळी आहेत हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. पहिलं: लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही अंत्यबिंदूंपासून समान अंतरावर असतो. दुसरं: जो बिंदू दोन्ही अंत्यबिंदूंपासून समान अंतरावर असतो, तो लंबदुभाजकावर असतोच. पहिलं विधान सिद्ध करायला सोपं. मध्यबिंदू म घ्या आणि लंबदुभाजकावर कुठलाही बिंदू प. त्रिकोण पमअ आणि पमब मध्ये पम सामाईक, मअ आणि मब समान, मधले कोन काटकोन. बाकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून पअ = पब. दुसऱ्यात सुरुवात पअ = पब पासून होते. प ला म शी जोडा. आता तिन्ही बाजूंच्या जोड्या समान आहेत, बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून म पाशी होणारे दोन्ही कोन समान. ते रेषीय जोडीतले आहेत, तेव्हा प्रत्येक ९० अंशांचा. म्हणजे पम हाच लंबदुभाजक. (प नेमका म वरच असेल तर सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही.)

उदाहरणं सोडवताना मुलं अडतात ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या विधानापाशी. पहिलं सांगतं की लंबदुभाजकावर गेलात तर समान अंतर मिळेल. दुसरं सांगतं की समान अंतर हवं असेल तर शोध फक्त तिथेच घ्या, बाकी सगळा कागद सोडून द्या. शोधण्याच्या उदाहरणात कामाला येतं ते हे दुसरं.

मग बाकीच्या कागदाचं काय? पाठ्यपुस्तकात सहसा विचारला न जाणारा हा प्रश्न मी नेहमी विचारतो. लंबदुभाजकाच्या अ कडच्या बाजूचा प्रत्येक बिंदू अ ला जवळ असतो, ब कडच्या बाजूचा ब ला. सिद्धता दोन ओळींची आहे. अ च्या बाजूला कुठलाही बिंदू स घ्या आणि सब जोडा. ही रेख लंबदुभाजकाला कुठेतरी छेदते, त्या बिंदूला ट म्हणा. टब = टअ, म्हणून सब = सट + टब = सट + टअ. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, म्हणून ही बेरीज सअ पेक्षा मोठी. (स हा रेषा अब वरच असेल तर त्रिकोण होत नाही, पण तिथे फरक नुसता पाहूनच कळतो.) लंबदुभाजक म्हणजे ‘अ जवळ’ आणि ‘ब जवळ’ या दोन प्रदेशांमधली सीमा आहे, हे एकदा दिसलं की मुलांच्या नजरेत ती रेषा एकदम मोठी होते. अमेरिकी हवामानतज्ज्ञ अल्फ्रेड थीसेन यांनी १९११ मध्ये एखाद्या प्रदेशाचा सरासरी पाऊस काढण्यासाठी हीच कल्पना वापरली. प्रत्येक दोन शेजारच्या पर्जन्यमापक केंद्रांमध्ये लंबदुभाजक काढायचा, म्हणजे प्रत्येक केंद्राभोवती ‘मला सर्वांत जवळ’ असा एक बहुभुज तयार होतो. केंद्रावर नोंदलेल्या पावसाला त्या बहुभुजाच्या क्षेत्रफळाइतकं वजन द्यायचं. जलविज्ञानात ही थीसेन बहुभुजांची पद्धत आजही शिकवतात.

आता मुलीचा कंपासचा प्रश्न. अ वर टोक रोवून काढलेल्या कंसावरचा प्रत्येक बिंदू अ पासून, समजा, ५ सेंमीवर आहे. तेच अंतर ठेवून ब वरून काढलेल्या कंसावरचा प्रत्येक बिंदू ब पासून ५ सेंमीवर आहे. दोन्ही कंस जिथे छेदतात, तो बिंदू दोघांपासून ५ सेंमीवर. म्हणजे आपल्याला एक समदूर बिंदू मिळाला, बस्स. खालच्या बाजूला दुसरा मिळाला. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, आणि वरच्या दुसऱ्या विधानानुसार दोन्ही बिंदू लंबदुभाजकावर आहेत, तेव्हा त्यांना जोडणारी रेषा हाच लंबदुभाजक. रचनेच्या पायऱ्यांमध्ये यापलीकडे काहीही नाही. पायऱ्या पाठ करण्यापेक्षा तिला एवढंच लक्षात ठेवू द्या: मला दोन समदूर बिंदू हवे आहेत.

निम्म्यापेक्षा जास्त का, हे आता तीच सांगू शकेल. रेख अब ८ सेंमी आहे असं धरू. कंपास ३ सेंमी उघडला तर दोन्ही कंस एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, कारण अ आणि ब या दोघांपासूनही ३ सेंमीवर असलेला बिंदू असूच शकत नाही, दोन अंतरांची बेरीज किमान ८ व्हायला हवी. बरोबर ४ सेंमी घेतलं तर कंस फक्त मध्यबिंदूत स्पर्श करतात. एकच बिंदू मिळतो, आणि एका बिंदूवरून रेषेची दिशा कळत नाही. ४ च्या वर गेलात की दोन बिंदू मिळतात.

पण ४ च्या वर म्हणजे किती, हे मात्र कामावर अवलंबून आहे. तत्त्वतः ४.१ सेंमीही चालतं. प्रत्यक्षात त्याने आकृती बिघडते. तेव्हा छेदनबिंदू रेख अब च्या वर-खाली जेमतेम ०.९ सेंमीवर येतात, दोन बिंदूंमधलं अंतर १.८ सेंमी. शिवाय कंस एकमेकांना इतके तिरके घासून जातात की नेमका छेदनबिंदू कुठला ते पेन्सिलीच्या जाडीत हरवतं. त्यातला एक बिंदू अर्धा मिलिमीटर जरी सरकला, तरी रेषा १० सेंमी लांब वाढवेपर्यंत जवळजवळ ३ मिमी भरकटते. त्याऐवजी ५ सेंमी घ्या. आता छेदनबिंदू बरोबर ३ सेंमी वर आणि ३ सेंमी खाली येतात, कारण अर्धी रेख ४, कंपास ५, आणि ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. हे तिला मोजून पाहू द्या. आकृती अचूक आल्याचा तो सुंदर पडताळा आहे, आणि पायथागोरसही आपसूक भेटतो. ६ सेंमी घेतलं तर बिंदू सुमारे ४.५ सेंमीवर जातात, कंस जवळजवळ काटकोनात छेदतात आणि बिंदू अगदी स्वच्छ मिळतो. मी सहसा मुलांना रेषाखंडाच्या पाऊणपट अंतर घ्यायला सांगतो. जागा असेल तर रेषाखंडाइतकंच अंतर घेणं सर्वांत सोपं, कारण मग अंदाजही लागत नाही: एक टोक अ वर, दुसरं ब वर, की कंपास उघडला. युक्लिडनेही रेषाखंड दुभागताना रेषाखंडावर समभुज त्रिकोणच उभा केला आहे.

इथे मी एक प्रश्न हमखास विचारतो, कारण त्यावरून समज आली की नाही ते लगेच कळतं. वरचे कंस काढताना ५ सेंमी घेतलं आणि खालचे काढताना ६ सेंमी, तर चालेल का? पायऱ्या पाठ असलेलं मूल ठामपणे ‘नाही’ म्हणतं. पण वरचा बिंदू दोघांपासून ५ वर, खालचा दोघांपासून ६ वर. दोन्ही समदूर आहेत, मग रेषा तीच. दोन्ही बिंदू एकाच बाजूला घेतले तरी चालतात. रेषाखंड पानाच्या अगदी तळाशी असेल आणि खाली जागाच नसेल, तर वरच्याच बाजूला एकदा ५ आणि एकदा ७ सेंमी घेऊन दोन बिंदू मिळवा. त्या दोघांमध्ये पुरेसं अंतर राहील एवढं मात्र बघायचं.

चालत नाही ती गोष्ट वेगळीच आहे: अ वरून ५ सेंमी आणि ब वरून त्याच जोडीत ५.१. कंपासचा स्क्रू सैल असला की नेमकं हेच होतं. यात एक मजेची गोष्ट आहे. अ वरून दोन्ही बाजूंना ५ आणि ब वरून दोन्ही बाजूंना ५.१ असे कंस निघाले, तर मिळणारी रेषा रेख अब ला काटकोनातच छेदते, पण मध्यापासून साधारण ०.६ मिमी अ कडे सरकलेली असते. म्हणजे लंब आहे, दुभाजक नाही. पण फक्त खालच्याच जोडीत कंपास हलला असेल, तर रेषा तिरकी होते. वही तपासताना चुकीच्या रेषेकडे बघून कंपास कधी हलला ते बऱ्याचदा सांगता येतं.

पट्टी आणि गुण्याचं उत्तर परिस्थितीवर आहे. मोजून काढलेली रेषाही लंबदुभाजकच असते, भूमितीच्या दृष्टीने ती काही कमअस्सल नाही. घाईत कच्ची आकृती काढायची असेल किंवा चौकटीच्या कागदावर बिंदू सोयीचे असतील, तर जरूर मोजा. पण प्रश्नात ‘रचना करा’ असं असेल, तर कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढंच अपेक्षित असतं आणि कंस पुसायचे नसतात. मोजण्यात एक खरी अडचणही आहे. रेषाखंड ७.३ सेंमी असेल तर निम्मं ३.६५, आणि पट्टीवर ती खूण नाही. पुढे गुण्या टेकवताना आणखी थोडी चूक शिरते. कंपासला आकडा लागतच नाही. लांबी माहीत नसली तरी मध्य सापडतो, आणि तो का सापडला ते सिद्ध करता येतं. माझ्या मते आठवीच्या मुलीने रचना कंपासने करावी आणि तपासणी पट्टीने.

आतापर्यंतचं एवढं पक्कं असू द्या: लंबदुभाजक हा दोन बिंदूंपासून समदूर असणाऱ्या सगळ्या बिंदूंचा संच आहे, त्याबाहेर एकही समदूर बिंदू नाही, आणि कंपासने आपण त्यातले कुठलेही दोन पकडतो.

आता तुमची मूळ अडचण, म्हणजे उदाहरणात तो ओळखायचा कसा. अ, ब, क या तीन बिंदूंपासून समान अंतरावरचा बिंदू शोधा, हे नेहमीचं उदाहरण. ‘अ आणि ब पासून समान’ म्हटलं की अब चा लंबदुभाजक. ‘ब आणि क पासून समान’ म्हटलं की बक चा. दोन्ही अटी एकदम हव्यात, म्हणून दोन रेषांचा छेदनबिंदू, त्याला ओ म्हणू. तिसरा लंबदुभाजक काढला तर तोही ओ मधूनच जातो, आणि त्यात योगायोग काही नाही: ओअ = ओब आणि ओब = ओक, म्हणून ओअ = ओक, म्हणून दुसऱ्या विधानाने ओ हा अक च्या लंबदुभाजकावर आहेच. हेच त्रिकोणाचं परिकेंद्र. ओ वर टोक रोवून ओअ एवढी त्रिज्या घेतली की वर्तुळ तिन्ही शिरोबिंदूंतून जातं. त्रिकोण लघुकोन असेल तर परिकेंद्र आत येतं, विशालकोन असेल तर बाहेर, काटकोन असेल तर बरोबर कर्णाच्या मध्यावर. ६, ८, १० सेंमी बाजूंचा त्रिकोण काढून बघा, परित्रिज्या ५ येते. परिकेंद्र बाहेर आलं की मुलं आकृती चुकली समजून खोडतात, त्यांना ते आधीच सांगून ठेवावं. तिन्ही बिंदू एका रेषेत असतील तर लंबदुभाजक समांतर होतात आणि असा बिंदूच नसतो. जवळजवळ एका रेषेत असतील तर बिंदू असतो, पण पानाबाहेर.

वर्तुळाचा नुसता तुकडा दिला आणि केंद्र विचारलं, तरी काम तेच. केंद्र वर्तुळावरच्या सगळ्या बिंदूंपासून समदूर, म्हणून ते प्रत्येक जीवेच्या लंबदुभाजकावर असतं. कंसावर तीन बिंदू घ्या, दोन जीवा, दोन लंबदुभाजक, झालं. उत्खननात सापडलेल्या भांड्याच्या काठाच्या तुकड्यावरून मूळ तोंडाचा व्यास अशाच रीतीने काढता येतो. दोन जीवांच्या दिशा मात्र शक्य तितक्या वेगळ्या असू द्याव्यात, नाहीतर लंबदुभाजक फार अरुंद कोनात छेदतात आणि केंद्र भरकटतं.

दोन गोंधळ मात्र वेळीच दूर करा. त्रिकोणाच्या बाजूचा लंबदुभाजक काढताना मुलं तो समोरच्या शिरोबिंदूकडे ओढतात. मध्यबिंदूपासून शिरोबिंदूपर्यंत जाते ती मध्यगा, शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकतात तो शिरोलंब. लंबदुभाजकाला समोरच्या शिरोबिंदूशी काही देणंघेणं नाही. तो त्यातून फक्त तेव्हाच जातो जेव्हा तो शिरोबिंदू पायाच्या दोन्ही टोकांपासून समदूर असेल, म्हणजे त्रिकोण समद्विभुज असेल. या सवयीला आळा घालायला मी मुद्दाम तीन चांगल्याच असमान बाजूंचा त्रिकोण देतो. दुसरा गोंधळ: ‘दोन बिंदूंपासून समान अंतर’ आणि ‘दोन रेषांपासून समान अंतर’. बिंदू असतील तर लंबदुभाजक. छेदणाऱ्या रेषा किंवा कोनाच्या भुजा असतील तर कोनदुभाजक. उदाहरण वाचताना तिने ‘पासून’ या शब्दाच्या आधी काय आलंय त्याखाली रेघ मारावी. एवढ्या सवयीने निम्म्या चुका टळतात.

पुढच्या इयत्तेत निर्देशक आले की हीच कल्पना समीकरण होऊन येते. अ (१, २) आणि ब (७, ४) घ्या. प (क्ष, य) दोघांपासून समदूर, म्हणून (क्ष − १)² + (य − २)² = (क्ष − ७)² + (य − ४)². कंस सोडवले की दोन्हीकडचे वर्ग कटतात आणि ३क्ष + य = १५ उरतं, एक साधी रेषा. मध्यबिंदू (४, ३) तिच्यावर आहे, आणि तिचा चढ −३, तर अब चा १/३. गुणाकार −१, म्हणजे लंब. मध्य आणि लंब आपण कुठेच मागितले नव्हते, फक्त समान अंतर मागितलं होतं.

या आठवड्यात तिला एकच उदाहरण द्या, आणि उत्तर लगेच सांगू नका. कागदावर अ आणि ब हे दोन बिंदू काढा आणि एक रेषा ल, कशीही. ल वर असा बिंदू शोधायचा की जो अ आणि ब पासून समान अंतरावर असेल. ती अब चा लंबदुभाजक काढून ल ला छेदेल, हे तिला आता जमायला हवं. मग विचारा, असा बिंदू कधी मिळणारच नाही? आणि कधी ल वरचा प्रत्येक बिंदू चालेल? ल ही रेख अब ला लंब असेल पण तिच्या मध्यातून जात नसेल, तर लंबदुभाजक आणि ल समांतर राहतात आणि बिंदू मिळत नाही. ल स्वतःच लंबदुभाजक असेल तर सगळेच बिंदू चालतात. बाकी प्रत्येक वेळी बरोबर एक. हे तिन्ही प्रकार तिने आकृती न काढता सांगितले, तर पुढच्या वर्षी वर्तुळाच्या प्रकरणाला तिला वेगळी तयारी करावी लागणार नाही.